पिवळ्या पेंढ्यांची पंचमी

यशू, पंधरा दिवसांपूर्वी तू फोन हातात धरून मला तुझं काचघर फिरवून दाखवलंस. एका बाजूला हिरव्या रोपांची रांग, दुसऱ्या बाजूला पिवळ्या. प्रत्येक रोपावर जाळीची टोपी. तू म्हणालीस, "आजी, ही पिवळी आजारी आहेत. आणि गंमत बघ, पांढरी माशी यांच्यावरच जास्त अंडी घालते. निरोगी झाडावर घालते त्याहून जास्त, आणि जगतेही जास्त दिवस. विषाणू झाडाला असं काही करून ठेवतो की माशीची वीण वाढते. मग त्याच माश्या त्याला नव्या झाडावर नेतात. किती सुंदर आहे ना?"

मी "हो" म्हणाले. मागून नील ओरडला, "दीदी, आजीला माश्या काय दाखवतेस, मांजर दाखव!" मग तुम्ही मांजर दाखवलंत.

ते "हो" मला दुरुस्त करायचं आहे. शाळेत मी मुलांना खोडरबर वापरू देत नसे, तुमच्या बाबाला विचारा. चुकलेल्या उत्तरावर एक रेघ मारायची, खाली बरोबर उत्तर लिहायचं, पण चुकलेलं दिसत राहिलं पाहिजे. आज तसंच करते आहे. इथे नागपंचमी होऊन गेली आहे. सोयाबीन फुलावर आहे. चार दिवस पाऊस नाही आणि दुपारी पाठीवर ऊन बसतं. नेमकं त्या वर्षीसारखं.

तुझ्या काचघरात दिव्याखाली पिवळी रोपं फार छान दिसत होती. पान सगळं पिवळं नसतं, हिरव्यावर पिवळे तुकडे जडवल्यासारखे असतात. इथे कोणी त्याला मोझॅक म्हणतं, कोणी हळद्या. सेनगावहून नरसीकडे येताना जीपमधून बघावं तर हिरव्या रानात मधेच एक पिवळा डाग दिसतो, आणि जीपमधली बोलणी क्षणभर थांबतात. कोणाच्या रानात आहे हे आधी सगळे बघून घेतात. आपल्या नाही म्हटल्यावर बोलणी पुन्हा सुरू होतात.

मी प्राणिशास्त्र शिकले, तेही इंग्रजीतून. आमच्या वस्तीतली तशी मी पहिलीच मुलगी. त्यामुळे पांढऱ्या माशीची ओळख मला पुस्तकात झाली, शेतात नंतर. तिळाच्या दाण्याहून लहान, पिठाने माखलेली, पानाच्या खालच्या अंगाला राहणारी. नावाला माशी, पण घरमाशीशी तिचं काही नातं नाही. तिच्या अंड्याला एक बारीक देठ असतो. मादी तो देठ पानात रोवते आणि अंडं त्या देठातून पानाचं पाणी पितं. म्हणजे जन्मायच्या आधीपासून ते झाडावर पोसलं जातं. कॉलेजात भिंगातून ते पाहिलं तेव्हा मलाही ते सुंदर वाटलं होतं, हे कबूल करते. तेव्हा मी तुझ्यापेक्षा लहान होते आणि माझ्या वाटणीला शेत नव्हतं.

तू जे सांगितलंस ते मी वहीत लिहून काढलं. झाड स्वतःच्या रक्षणासाठी रसात कडूपणा तयार करतं. कीड बसली की तो वाढवतं. विषाणू झाडात शिरला की झाडाची ही सोय बंद पाडतो. मग पान गोड लागतं, माशी पोटभर पिते, निवांत राहते, अंडी वाढतात. सगळ्याच विषाणूंचं असं नसतं, हेही तू सांगितलंस. काही विषाणू माशीलाच आतून पोखरतात, तिची अंडी कमी होतात, ती लवकर मरते. ते ऐकून मला बरं वाटलं होतं. का बरं वाटलं, ते पुढे येईल.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तू तेव्हा बारावीत होतीस आणि नील चित्रं काढून त्याखाली स्वतःचं नाव उलटं लिहायचा. तुमच्या आजोबांना जाऊन दुसरं वर्ष होतं. मी शाळेतून निवृत्त झाले होते, घर आवरून संपलं होतं, म्हणून मी शेत आवरायला घेतलं. आजोबा शेतात गेले की शेत त्यांना आवरायचं. मी गेले की मी शेताला. ओळी मोजल्या. दोन ओळींतलं अंतर काठीने मापलं. बायांना खुरपायला सांगताना तण एका जागी, दगड एका जागी, असं सांगत होते. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडून धुरपता हे बघत असे.

"बाई, सोयाबीनची हजेरी घेऊन राहिल्या का?" ती ओरडायची. "कोण गैरहजर हाय आज?"

धुरपता आपली शेजारीण, म्हणजे शेताची. तिचं दोन एकर, आपलं साडेतीन, आणि मधे एक हातभर धुरा. ती तांड्यातली. तिच्या पणज्यांच्या काळी ते लोक बैलांवर धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आता तिच्या गोठ्यात एकच बैल होता आणि तोही तिच्यासारखाच हट्टी होता, हे तिचंच म्हणणं. आम्ही दोघी दुपारी धुऱ्यावरच्या कडुलिंबाखाली बसून जेवायचो. माझा स्टीलचा तीन कप्प्यांचा डबा, तिची फडक्यात बांधलेली भाकरी. मी तिला अगं म्हणत असे, ती मला बाई आणि तुमी. आम्ही दोघी एकाच वयाच्या. हा फरक तेव्हा मला कधी दिसला नाही. आता दिसतो.

डबा कधी तिच्याकडे राहायचा, आणि रिकामा परत यायचा नाही. त्यात काहीतरी घालूनच ती द्यायची: ठेचा, चिवळीच्या भाजीची जुडी, शेंगदाणे. एकदा काहीच नव्हतं तर तिने चार कडुलिंबाची पिकली फळं घातली होती. मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणाली, "रिकामं भांडं देऊ नाही बाई. देणाऱ्याचं बी जाते, घेणाऱ्याचं बी."

त्या वर्षी तिच्या रानात धुऱ्याला लागून मूग होता. दुकानातला नाही. तिच्या माहेरचा. याडीचा मूग म्हणायची ती त्याला. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. तिच्या आईने लग्नात तिच्या पदराला बांधून दिलेलं बी, आईला तिच्या आईने दिलेलं. दाणा बारीक, चमक नसलेला, जरा खरबरीत. वरणाला मात्र असा वास की शेजारच्या घरात कळायचं धुरपताकडे आज काय शिजतंय. दर वर्षी ती थोडा पेरायची, आणि घरी राखेत कालवून एका मडक्यात थोडा ठेवायचीच. पाऊस दगा देवो, कीड पडो, मडक्यातलं असायचं.

त्या वर्षी तिने मडकं रिकामं केलं होतं. दिवाळीनंतर तिच्या सोनीचं लग्न ठरलं होतं. सोनीच्या पदराला बांधायला बी हवं होतं, आणि ते मूठभर देऊन भागणार नव्हतं, कारण सोनीच्या सासरी रान मोठं होतं आणि धुरपताची जिद्द तशीच. "माझ्या याडीनं मला पसाभर देल्लं," ती म्हणाली होती. "मी माझ्या लेकीला पायलीभर दीन." म्हणून होतं नव्हतं ते सगळं तिने पेरलं. मला हे माहीत होतं. ती मडकं झटकत होती तेव्हा मी समोर होते. राख तिच्या नाकाला लागली होती आणि मी ती पुसली होती.

आषाढ निम्मा सरला आणि पाऊस थांबला. उघडीप लांबली की पांढरी माशी वाढते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. आपल्या सोयाबीनमध्ये पिवळी झाडं दिसू लागली. आधी पाच, मग तीस, मग मोजणं अवघड झालं. आजारी झाड उपटून टाकावं, हेही ठाऊक होतं. मी बायांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं, तर तांड्यातल्या बाया म्हणाल्या, उद्या न्हाई जमत, उद्या पंचमी.

पंचमीला इकडे भुईला हात लावत नाहीत. नांगर नाही, खुरपं नाही, विळा नाही. घरात भाजीसुद्धा चिरत नाहीत. मी लहानपणापासून हे न मानणाऱ्या घरात वाढले, आणि न मानण्याचा मला अभिमान होता. म्हणून पंचमीच्या दिवशी, ऐन दुपारी, मी एकटी शेतात गेले. सकाळी जाता आलं असतं. पण सकाळी जीपला गर्दी होती, माहेरवाशिणी नटून निघाल्या होत्या, आणि मला दवाने ओल्या रानात साडी भिजवायची नव्हती. दव वाळू दिलं. लक्षात ठेव, यशू: दव वाळू दिलं.

धुरपता सोनीला घेऊन रानात आली होती, नुसती बघायला. मला वाकलेली बघून ती धुऱ्यावर थबकली.

"बाई, आज न्हाई!"

"काहून?" 'का' म्हणायला मी तिचाच शब्द वापरला.

"आज उपटत न्हाईत. तोडत बी न्हाईत."

"माशीला पंचमी कळते का धुरपता?"

ती हसली. "माशीला न्हाई कळत. माणसाला तं कळते." आणि सोनीला घेऊन गेली. जाताना सोनीने ओढणीत काहीतरी धरलं होतं, ते मी पाहिलं आणि विसरले.

मी उन्हात तीन तास झाडं उपटली. हिसका दिला की पानाखालून पांढरं पीठ उधळल्यासारखं उडायचं आणि वाऱ्यावर तरंगत जायचं. मला वाटलं, जाताहेत. बरं झालं. कुठे जाताहेत, हा विचार माझ्या मनात आला नाही. पंचवीस झाडांची एक पेंढी, गवताने बांधलेली, मुळं एका बाजूला, शेंडे एका बाजूला. त्या पेंढ्या मी दोन्ही हातांत धरून सगळं रान ओलांडत धुऱ्यावर नेल्या आणि एकावर एक नीट रचल्या. धुऱ्यावर, कारण आपल्या रानात पसारा नको. शेंडे पलीकडे, म्हणजे मुळांची माती धुऱ्यावरून घसरून पुन्हा आपल्याच रानात येईल. पलीकडे धुरपताचा मूग फुलला होता, कुठे कुठे कोवळ्या शेंगाही धरल्या होत्या. शेंड्यांपासून पहिली ओळ एका हातावर होती.

मग मी फोटो काढला आणि तुम्हाला पाठवला. तुझं उत्तर आलं, "आजी रॉक्स." नीलने टाळ्या पाठवल्या. तो फोटो अजून आहे. काढून बघ. पिवळ्या पेंढ्यांची भिंत, वर आभाळ, आणि मधे बारीक पांढरे ठिपके. मला तेव्हा वाटलं होतं, फोनच्या काचेवर धूळ आहे. मी पदराने काच पुसून दुसरा फोटो काढला होता. त्यातही ठिपके होते.

त्या संध्याकाळी विहारात वर्षावासाचं वाचन होतं. पावसाळ्याचे तीन महिने आपल्याकडे रोज संध्याकाळी वाचन चालतं, आणि वाचणारी बहुतेक मीच. वाचन झाल्यावर मी चार शब्द बोलले. म्हणाले, "आज पंचमीला मी शेतात काम केलं. दिवसभर झाडं उपटली. मला काहीही झालेलं नाही." बायांनी टाळ्या वाजवल्या. खरंच होतं ते. मला काहीही झालं नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी दुपारी ओसरीत बसून मी फोनवर या रोगाबद्दल इंग्रजीतून वाचत होते. आपल्या सोयाबीनमध्ये पिवळं बरंच कमी झालं होतं आणि मला आता शिल्लक कीड संपवायची होती. त्यात लिहिलं होतं: आजारी झाड अगदी सकाळी उपटावं, दव असताना, माशी जड असते, उडत नाही. उपटल्या जागी पिशवीत घालून तोंड बांधावं. रानातून मिरवत नेऊ नये. लांब नेऊन पुरावं. वाळत टाकल्यास माशी उठून जवळच्या हिरव्या पिकावर जाते. मी प्रत्येक वाक्यापुढे मनातल्या मनात चूक अशी खूण केली. मी केलेलं एकही बरोबर नव्हतं. पेपर तपासताना असा एखादा पेपर हाती आला की मी कपाळाला हात लावायचे. तेव्हा लावला नाही. फोन उलटा ठेवला आणि दाण्याचं कूट करायला घेतलं.

त्यानंतर दोन दिवसांनी धुरपताने मला धुऱ्यावरून हाक मारली. नेहमीची हाक नव्हती.

"बाई, हे काय झालं वो?"

धुऱ्यालगतच्या चार ओळी हळदीत बुडवून काढल्यासारख्या होत्या. पाचवीत तुरळक, सहावीत एखादं. माझ्या पेंढ्या वाळून करड्या झाल्या होत्या आणि अजून तशाच नीट रचलेल्या होत्या. कुठून कुठे गेलं हे आंधळ्याला दिसलं असतं. धुरपताला दिसलं नाही, कारण ती खाली बघतच नव्हती. ती मुगाच्या नव्या शेंगा हातात घेऊन बघत होती, वाकड्या, पिवळ्या, बोटाच्या पेराएवढ्या.

"पंचमीचा कोप हाय हा," ती म्हणाली.

आणि मी म्हणाले, "धुरपता, पंचमीचा काही संबंध नाही."

"मंग कशाचा हाय?"

"पांढऱ्या माशीचा."

"माशी कुठून आली?"

"माशी सगळीकडेच असते."

यशू, यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी रोज संध्याकाळी पंचशील घेते, त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं. मी ते मोडलं नाही. अंधश्रद्धेला उत्तर दिलं, विज्ञान सांगितलं, आणि त्या दोन खऱ्या गोष्टींच्या आड स्वतः उभी राहिले. लबाड माणसाला खोटं बोलावं लागतं. शिकलेल्या माणसाला तेवढीही तसदी पडत नाही.

मी स्वतःची बाजू मांडायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे. मुगावर हा रोग नाहीतरी येतोच. त्या वर्षी सगळ्या शिवारात माशी होती. धुरपताच्या मुगाला ती पुढच्या आठवड्यात लागलीच असती. असेलही. पण त्या चार ओळी धुऱ्यालगतच्या होत्या, आणि पेंढीचे शेंडे कुणीकडे ठेवायचे ते मी ठरवलं होतं. काही विषाणू माशीलाच पोखरतात हे ऐकून क्षणभर वाटलं होतं, मी पाठवलेली माशी तशी दुबळी असेल. पण तू सांगितलंस म्हणून कळलं की मी नुसती माशी पाठवली नव्हती. आजारी झाडाच्या गोड रसावर वाढलेली, पोट भरलेली, अंड्यांनी भरलेली माशी पाठवली होती. विषाणूला हेतू नसतो, तू म्हणतेस. बरोबर आहे. त्या सगळ्या व्यवहारात हेतू असलेली मी एकटीच होते, आणि माझा हेतू रान नीटनेटकं दिसावं हा होता.

आपलं सोयाबीन त्या वर्षी वाचलं. धुरपताच्या सगळ्या ओळी एकेक करून पिवळ्या पडल्या आणि मुगाचं शेवटी एक वाडगंभर निघालं, सुरकुतलेलं, हलकं, फुंकलं तर उडेल असं. तरी तिने ते राखेत कालवून मडक्यात ठेवलं. त्या आठवड्यात माझा डबा परत आला तेव्हा त्यात चार हिरव्या मिरच्या होत्या. रिकामा तेव्हाही आला नव्हता.

सोनीच्या लग्नाला मी गेले होते. त्या श्रावणात तिने तीजेला शेवटचे गहू पेरले होते. त्यांच्यात लग्न न झालेल्या मुली टोपलीत गहू उगवून नऊ दिवस पाणी घालतात, गाणी म्हणतात. तेव्हा टोपली दाखवून धुरपता मला म्हणाली होती, "पोरीचे टोपलीतले गहू बघा कसे आले, हिरवेगार." पाठवणीच्या वेळी तिने सोनीच्या पदराला बी बांधलं. दुकानातून आणलेल्या पुडीतलं, औषध लावलेलं, गुलाबी रंगाचं. गर्दीत, उन्हात, रडण्यात कुणाचा तरी हात ओला होता. त्या गाठीतून रंग सुटला आणि नव्या साडीच्या पदरावर गुलाबी डाग पडला. बाया म्हणाल्या, धुतल्यावर जाईल. धुरपता तो डाग चोळत राहिली. जीप सुरू झाली तरी चोळत होती.

पुढच्या जूनला तिने ते वाडगंभर बी पेरलं. दहा-बारा रोपं आली, उसनी आणल्यासारखी उभी राहिली आणि ऊन लागताच बसली. त्यानंतर याडीचा मूग हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नाही. मीही विहारात वाचन झाल्यावर चार शब्द बोलणं सोडलं. वाचायचं आणि पुस्तक मिटायचं. लोकांना वाटलं, बाईंचं वय झालं. डबे मात्र चालू राहिले, आणि दुपारचं जेवण, आणि तिची थट्टा. आठ वर्षं मी तिच्या हातचा ठेचा खाल्ला.

या पंचमीला मी तांड्यावर गेले. तुझा फोन येऊन गेला होता, ते काचघर डोळ्यांपुढून हलत नव्हतं. घरी लाडू केले होते, ते डब्यात घातले. सोनी माहेरी आली होती, तिची पाच वर्षांची मुलगी दारात टायर फिरवत होती. धुरपता भिंतीला टेकून बसली होती.

"या बाई. नात काय करून राहिली तुमची?"

"माशी मोजते."

"माशी?" ती सोनीकडे बघून हसली. "मोजून काय करते वो? मारत न्हाई?"

"आधी मोजते."

"तुमचीच नात हाय. हजेरी घेत असंल."

मी डबा पुढे केला. तिने बाजूला ठेवला. "मंग खाईन. आज माझा उपास हाय."

इकडे बाया चतुर्थीला भावासाठी उपास धरतात आणि पंचमीला गोडधोड खातात. पंचमीचा उपास मी ऐकला नव्हता. पंचमीला शेत बंद, त्यामुळे त्या दिवशी आम्ही कधी एकत्र जेवलोच नव्हतो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मूग गेला त्या सालापासून." ती सहज बोलली, जसं कोणी गुडघ्याचं दुखणं सांगावं. "त्या पंचमीला ही सोनी हट्ट धरून बसली व्हती. लगीन होऊन जाईन, मंग कवा खाऊ, कवळ्या शेंगा पायजेत म्हणे. मी रानात नेली अन् मूठभर तोडून देल्ल्या. तुमाला सांगून राहिले आज तोडत न्हाईत, अन् माझाच हात." तिने तळहात उघडून स्वतःकडेच धरला. "तुमी तं मानतच न्हाई, तुमाला काय लागंल? मी मानणारी. मला लागलं. तवापासून पाणी बी घेत न्हाई म्या दिवसभर."

ओढणीत सोनीने काय धरलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

मी सांगितलं. मधे काही न गाळता. उन्हात उपटलं, रानातून नेलं, धुऱ्यावर रचलं, शेंडे तुझ्याकडे केले. माशी उठून तुझ्या मुगावर बसली. तुझ्या मूठभर शेंगांनी काही झालं नाही धुरपता, माझ्या पेंढ्यांनी झालं. सोनी उठून उभी राहिली. पोरीला तिने आत बोलावलं.

धुरपताने एकच विचारलं, "तुमाला कवा कळलं?"

"तेव्हाच. तू मूग दाखवायला हाक मारलीस, त्याच्या दोन दिवस आधी."

तिने अंगणात पाहिलं. तिथे टायर आडवा पडला होता. मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, खरंच उत्तर हवं असल्यासारखं तिने विचारलं, "मंग मी आठ साल उपास काहून धरला, बाई?"

पस्तीस वर्षं मी मुलांना उत्तरं शिकवली. ती रडली असती, शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या, आणि घरी येऊन मला हलकंही वाटलं असतं. ती तसं काही करणार नाही, हे तिचा चेहरा सांगत होता. ती भिंतीला धरून उठली, म्हणाली, "जीप निघून जाईन तुमची," आणि आत गेली.

हे सगळं तुला लिहून कळवते आहे, कारण तू अंडी मोजतेस आणि चांगली मोजतेस. मोज. ते ज्ञान खरं आहे आणि कोणाच्या तरी मुगाला ते वेळेवर पोचलं पाहिजे. मला ते मिळालं होतं, धुरपताने विचारायच्या दोन दिवस आधी. फक्त सुंदर म्हणू नकोस, निदान माझ्यासमोर.

पंचमीनंतर तीन दिवस धुरपता रानात आली नाही. चौथ्या दिवशी मी गेले तर कडुलिंबाच्या खालच्या फांदीला माझा डबा अडकवलेला होता. हातात घेतला तेव्हाच हलका लागला, तरी मी तीनही कप्पे उघडून पाहिले. राखेने लख्ख घासलेले होते, पुसून कोरडे केलेले. एकातही काही नव्हतं.